पाणी कुठं मुरतंय?

मंडळी, या उन्हाळ्यात आमच्या नातेवाइकांत घरं बांधायची साथच आली आहे. शहाद्याला एकाचं, नवापूरला दुसऱ्याचं, तळोद्याला तिसऱ्याचं. फोनवर प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. "सिमेंट कुठलं घेऊ? ते राखेचं नको ना?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. विषय रुक्ष आहे, कबूल. पण ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राखेचं सिमेंट वाईट नाही, उलट चांगलंच आहे. पण त्याला जे लागतं ते आपण देत नाही. त्याला लागतं पाणी आणि वेळ. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नेमक्या याच दोन गोष्टींची बांधकामावर सगळ्यात जास्त काटकसर होते. मग दहा-बारा वर्षांत स्लॅबचे पोपडे पडायला लागले, गज उघडे पडले, की खापर फुटतं बिचाऱ्या राखेवर!

आधी हे राखेचं प्रकरण काय ते बघू. दुकानात ज्या पोत्यावर 'पीपीसी' लिहिलेलं असतं ते म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळसा दळून जाळतात, तेव्हा धुराबरोबर जी बारीक राख वर जाते ती पकडून या सिमेंटमध्ये घालतात. किती घालायची याला भारतीय मानकाने मर्यादा घालून दिली आहे, १५ ते ३५ टक्के. म्हणजे कोणी रात्रीच्या अंधारात पोत्यात राख मिसळतंय असा हा प्रकार नाही. आपल्या तापीचंच बघा ना, वरच्या अंगाला भुसावळजवळ दीपनगरचं वीजकेंद्र आणि खालच्या अंगाला गुजरातेत उकाईचं. अशा केंद्रांतून निघणाऱ्या राखेचे नुसते डोंगर करून ठेवण्यापेक्षा ती घराच्या कामी आली तर वाईट काय?

'पोझोलाना' हे नाव इटलीतल्या पोझुओली या गावावरून आलं. रोमन लोक तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळायचे. आपल्याकडे ज्वालामुखीची राख नव्हती, तर आपण भाजलेल्या विटांची पूड वापरली, तीच सुरखी. जुन्या किल्ल्यांवर चुन्याची घाणी बघितली असेल. गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. तिथं चुना मळला जायचा, त्याआधी तो भिजवून मुरवत ठेवलेला असायचा. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू कडक होतो. पण सुरखी घातली की दोघांचा पाण्याच्या साक्षीने संयोग होतो आणि पाण्यातही टिकणारा पदार्थ तयार होतो. पीपीसीमधली राख नेमकं हेच काम करते. फक्त तिच्यासाठी चुना बाहेरून घालावा लागत नाही, तो सिमेंटच तयार करून देतं.

ते कसं? सिमेंट 'वाळून' घट्ट होतं असं बहुतेकांना वाटतं. ते वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं. या संयोगातून मुख्यतः दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे अतिसूक्ष्म, चिकट जेलसारखा पदार्थ. काँक्रीटची सगळी ताकद त्याच्यात. दुसरा म्हणजे चुना. ताकदीच्या दृष्टीने हा चुना फारसा कामाचा नसतो. राखेचे कण म्हणजे बहुतांशी काचेच्या बारीक गोळ्या असतात. त्या हा चुना हळूहळू खातात आणि त्यातून आणखी जेल तयार करतात. म्हणजे टाकाऊ चुन्यातून टिकाऊ माल!

पण 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा. सिमेंट पहिल्या आठवड्यात धावत सुटतं, राख आळस देत उठते. तिचं खरं काम पहिल्या काही आठवड्यांनंतर रंगात येतं आणि पुढे कित्येक महिने, ओलावा असेल तर त्याहूनही जास्त काळ चालू राहतं. ओलावा असेल तर! काँक्रीटच्या पोटातली आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेली की हा सगळा कारभार जवळजवळ ठप्प होतो.

आता छिद्रांकडे येऊ, कारण घर किती वर्षं टिकणार ते तिथं ठरतं. काँक्रीट कितीही गुळगुळीत दिसलं तरी आत छिद्रांचं जाळं असतं. माल कालवताना घातलेलं पाणी जिथं जिथं होतं तिथं जागा राहते. जेल तयार होत गेलं की ते या जागा भरत जातं. सुरुवातीला ही छिद्रं गावातल्या बोळांसारखी एकमेकांना जोडलेली असतात, एका टोकाने शिरलं की दुसऱ्या टोकाने बाहेर. जेल वाढलं की एकेक बोळ बंद होत जातो. सगळे बोळ तुटले की पाणी आणि हवा आत जाऊ शकत नाहीत, आणि आतला गज सुरक्षित राहतो.

हे बोळ बंद व्हायला किती दिवस लागतात? अमेरिकेत टी. सी. पॉवर्स नावाच्या शास्त्रज्ञाने यावर आयुष्य घालवलं. १९५९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साध्या सिमेंटसाठी जे आकडे दिले ते मी आपल्या भाषेत, म्हणजे बादल्यांत सांगतो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं आणि बादली १५ लिटरची धरा. पोत्याला दीड बादली पाणी घातलं तर बोळ बंद व्हायला सात दिवस लागतात. दोन बादल्या घातल्या तर सहा महिने! सव्वादोन बादल्यांच्या थोडं वर गेलात तर एक वर्ष. त्याहून जास्त घातलं तर ते कधीच बंद होत नाहीत, मग तुम्ही वर्षानुवर्षं पाणी मारत बसा. आणि हे सगळे आकडे काँक्रीट सतत ओलं ठेवलं तरचे आहेत, हे विसरू नका.

म्हणजे अर्ध्या बादलीच्या फरकाने सात दिवसांचे सहा महिने होतात. आता आठवा, स्लॅबच्या दिवशी मिक्सरपाशी कोणती आरोळी ऐकू येते? "माल पातळ करा रे!" पातळ माल घमेल्यातून पटकन सुटतो, सेंट्रिंगवर आपोआप पसरतो, मजुरांचा त्रास वाचतो. मग पाण्याचा पाइप धरून कोणी तरी उभाच असतो. वाळू ओली आहे की कोरडी हेही कोणी बघत नाही. आणि तीच माणसं चौथ्या दिवशी म्हणतात, "आता किती पाणी मारायचं, झालं की कडक."

सगळं उलटं आहे, नाही का? पाणी मालात कमी हवं आणि नंतर वरून जास्त हवं. आपण मालात भरमसाट ओततो आणि नंतर हात आखडता घेतो.

आपला शब्दही बघा कसा आहे, 'पाणी मारणं'. सकाळी एकदा पाइप घेऊन कॉलमवर फवारा मारला, संध्याकाळी एकदा मारला, काम झालं. मधल्या आठ तासांत मे महिन्याच्या उन्हात तो कॉलम हाडासारखा कोरडा पडतो, त्याचं काय? खरं तर पाणी मारायचं नसतं, काँक्रीट भिजत ठेवायचं असतं. चुना मुरवणाऱ्या जुन्या लोकांना हे बरोबर कळत होतं. लोणचं मुरतं, चुना मुरतो, तसं काँक्रीटही मुरू द्यावं लागतं. एरवी 'कुठं तरी पाणी मुरतंय' असं आपण संशयाने म्हणतो. इथं मात्र ते मुरत नाही हीच तक्रार आहे.

काँक्रीटचं मानक, म्हणजे आयएस ४५६ ची २००० सालची आवृत्ती, याबाबत स्पष्ट आहे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवा. राख किंवा तत्सम पदार्थ असलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस, आणि ते चौदापर्यंत वाढवावेत अशी शिफारस. कोरड्या आणि उष्ण हवेत साध्या सिमेंटलाही दहा दिवस. आमच्या खानदेशात मात्र 'सात दिवस' हे जणू वेदवाक्य आहे. ते सात दिवस साध्या सिमेंटच्या जमान्यातले. पोत्यातलं सिमेंट बदललं, मिस्त्रीचा हिशोब तोच राहिला.

इथं घरातली मोठी माणसं म्हणतील, "पूर्वीचं सिमेंटच चांगलं होतं बाबा." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण थोडं वेगळं. जुनं सिमेंट जाडसर दळलेलं आणि सावकाश काम करणारं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९१० साली काही ठोकळे करून उघड्यावर ठेवले आणि पन्नास वर्षं तपासले, तर त्यांची ताकद पन्नास वर्षं वाढतच होती. नंतरच्या काळातल्या बारीक सिमेंटच्या ठोकळ्यांची वाढ मात्र काही वर्षांतच मंदावली. आपल्या मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत वयाप्रमाणे ताकद वाढवून धरायची सोय होती, वर्षभरानंतर २० टक्के जास्त धरा अशी. २००० च्या आवृत्तीतून ती काढली. नव्या सिमेंटचा जोर सुरुवातीलाच संपतो, पुढचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे जुन्या सिमेंटचा मोठा गुण त्याचा सावकाशपणा होता. गंमत म्हणजे राख घातल्यावर तोच गुण परत येतो! फक्त तो ओलावा मागतो.

आणि ओलावा दिला नाही तर? तर राखेचं काँक्रीट साध्यापेक्षाही वाईट निघू शकतं. त्यात मुळात सिमेंट कमी. राख जागीच झाली नाही, तर ती नुसती भर म्हणून पडून राहते. छिद्रं उघडी राहतात. शिवाय गजाला गंजापासून वाचवणारा चुनाही कमी. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत शिरत गजापर्यंत पोचतो, गज गंजतो, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि खालचा थर फोडून टाकतो. म्हणून राखेला नावं ठेवणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो. निदान चुकीचं असतं.

राखेला वेळ दिला तर ती काय करू शकते याची उदाहरणं आपल्या महाराष्ट्रातच आहेत. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाची धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, आणि त्यात सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. अशा धरणांच्या काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी बघून मोकळे होत नाहीत, ९० दिवस किंवा त्याहूनही जास्त थांबतात. हवाई बेटांतल्या कवाईवर एक हिंदू मंदिर आहे. त्याचा पाया १९९९ साली घातला, हजार वर्षं टिकावा म्हणून. त्यात लोखंडाचा एक गज नाही, आणि सिमेंटपेक्षा राख जास्त! ही कल्पना होती कॅलिफोर्नियात शिकवणाऱ्या प्रा. पी. के. मेहता यांची. ज्यांना हजार वर्षांचा विचार करायचा होता त्यांनी राख निवडली, आणि आपण तिला भेसळ म्हणतो.

मग हे २८ दिवस आले कुठून? चार आठवडे पूर्ण होतात म्हणून. सोमवारी भरलेला ठोकळा सोमवारीच फोडता येतो. सोयीचा आकडा आहे, निसर्गनियम नाही. पण ठेकेदाराचं बिल, साहेबाची सही आणि आपली उत्सुकता सगळं तिथंच संपतं. राखेच्या काँक्रीटची परीक्षा आपण अशा वेळी घेतो जेव्हा त्याचा अभ्यास निम्माच झालेला असतो. आणि परीक्षा झाली की पाणी बंद.

इथवर झालं शहरातल्या, नळ असलेल्या घरांचं. पण हे लिहायचं खरं कारण सातपुड्यातली घरं आहेत. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आता कुडाच्या भिंती आणि कौलं जाऊन घरकुल योजनेतली पक्की घरं येत आहेत. यावी तर नक्कीच. पण प्रधानमंत्री आवास योजनेतलं किमान २५ चौरस मीटरचं घर धरा आणि त्यावर स्लॅब टाकायचा म्हणा. वर अडीच सेंटिमीटर पाण्याचं तळं करायचं तर सव्वासहाशे लिटर पाणी. भर उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर उडतं असं धरलं, तर रोज अडीचशे लिटरची भर. चौदा दिवसांचे मिळून चार हजार लिटरच्या वर गेले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर जवळजवळ पावणेतीनशे हंडे! नुसत्या स्लॅबचे. भिंती, कॉलम वेगळेच. हे हंडे कोण आणणार? घाटाखालच्या झऱ्यावरून घरातली बाईच आणणार. प्यायच्या पाण्यासाठी जिला दोन खेपा कराव्या लागतात, तिला 'काँक्रीटला पाणी कमी पडलं' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

कोणी म्हणेल, मग दिवाळीच्या सुमाराला बांधा, तेव्हा ओढ्यांना पाणी असतं, ऊनही कमी असतं. कागदावर बरोबर आहे. पण तेव्हा पाड्यांवर माणसं कुठं असतात? दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. होळीला परततात. हातात थोडा पैसा आणि घरात माणसं असतात ती होळीनंतर, म्हणजे नेमकी उन्हाळ्यात. त्यात घरकुलाचा हप्ता बांधकामाचा टप्पा बघून, फोटो काढून मिळतो. फोटोत स्लॅब दिसतो, त्याचा ओलावा दिसत नाही. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पुढच्या टप्प्याकडे. यात त्या कुटुंबाचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. योजना आखणाऱ्यांनी सिमेंटचा हिशोब केला, पाण्याचा केला नाही.

आणि याच तालुक्यांतली गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली आहेत, महाराष्ट्राची एकूण ३३ गावं. त्या धरणाच्या भिंतीचं काँक्रीट आज कायम पाण्याला टेकून उभं आहे. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजचे खांबही पाण्यातच उभे आहेत. त्यांना कोणी पाणी मारायला जावं लागत नाही. ज्यांच्या नदीने हे सगळं काँक्रीट भिजवलं, त्यांच्या स्वतःच्या स्लॅबला चौदा दिवस ओल मिळू नये, हे मला बोचतं.

मग करायचं काय? मला सुचलेलं सांगतो. एक, अंदाजपत्रकात पाणी आणि ते घालणाऱ्याची मजुरी वेगळी लिहावी. आज ती 'घरचंच काम' म्हणून फुकटात धरली जाते, आणि फुकट काम म्हणजे बाईचं काम. दोन, तळं करण्याचा हट्ट नको. ओली गोणपाटं आणि त्यावर घट्ट अंथरलेला प्लास्टिकचा कागद ठेवला तर पाणी उडत नाही, खेपा खूपच कमी होतात. कॉलमलाही ओलं तरट गुंडाळून वर प्लास्टिक बांधावं. हा कागद घरकुलाच्या सामानातच द्यावा, सिमेंटच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ. तीन, उन्हाळ्यातच बांधायचं असेल तर स्लॅब मार्चमध्ये घाईने टाकण्यापेक्षा मेच्या मध्यावर टाकावा, तोही संध्याकाळी. चौदा दिवस कागदाखाली भिजत ठेवला की पुढे मृग येतोच. सातपुड्यात चार महिने जे पाणी आभाळातून पडतं त्याच्याइतका स्वस्त आणि चिकाटीचा गडी दुसरा नाही. राख तेव्हाच जागी व्हायच्या बेतात असते! चार, हप्ता देणाऱ्या साहेबाने फोटोबरोबर एक चक्कर दहाव्या दिवशी मारावी आणि गोणपाटाखाली हात घालून बघावा. एवढंच.

नातेवाइकांसाठी थोडक्यात: पीपीसी बिनधास्त घ्या. पोत्याला दीड बादलीच्या आसपासच पाणी घाला. माल जड वाटला तर मिस्त्रीला व्हायब्रेटर आणायला सांगा, पाइप नाही. चौदा दिवस ओलं ठेवा, मारू नका. आणि मामा, तुम्ही स्लॅबवर चौथ्या दिवशी विटा चढवायचं म्हणत होतात, ते जरा थांबवा. मी रविवारी येतोय, तेव्हा बघू.